बोलणं पेडण्याचं, कागद कुणाचा?

"आपल्या गावात भाषेची अडचण कधी नव्हतीच," असं मामांनी म्हणायचं, आणि "अडचण आहे, पण खिडकीवर बसल्याशिवाय ती दिसत नाही," असं माझ्या बहिणीनं म्हणायचं. आमच्या घरातला हा वाद जुना आहे. मामा गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळी नोकरी सरकारी मराठी शाळांत झाली. बहीण डिचोलीला दिलेली, तिकडच्याच एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. चवथीला दोघं एकत्र आली, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली बसून बोलत राहिली आणि नेहमीच्या जागी न थांबता बरीच पुढं गेली. म्हणून ते बोलणं लिहून ठेवतो आहे.

हे बोलणं झालं ते पेडणेकरी बोलीत. सावंतवाडीकडच्या माणसाला ती मालवणी वाटते, बार्देशातल्या माणसाला कोंकणी वाटते, आणि दोघांनाही ती कळते. मी ते मराठीत लिहिणार म्हटल्यावर बहीण म्हणाली, "म्हणजे कागदावर मामाच जिंकला." तिनं मामाला एकेरी म्हटलेलं घाटावरच्या वाचकाला खटकेल. आमच्याकडे मामाला, आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यालाही 'तू'च म्हणतात आणि त्यात मान कमी होत नाही. ते मी बदललेलं नाही.

मामांनी सुरुवात नेमकी तिथूनच केली.

"माझ्या गुरुजींची गोष्ट ऐक गो बाय. मुक्ती झाली, भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव मराठी शाळा निघाल्या. आमची शाळा देवळाच्या मंडपात भरायची. गुरुजी आले ते घाटावरचे. पहिल्याच आठवड्यात एका पोरानं त्यांना विचारलं, 'गुरुजी, तू काल खंय गेल्लंस?' गुरुजींनी त्याला छडी मारली. पोराला कळेना मार कशाचा. त्याचा बाप शाळेत आला, तोही गुरुजींना 'तू'च म्हणाला! मग देवळाच्या भटजींनी मध्ये पडून समजावलं. दुसरी गंमत मुलींची. लग्न न झालेल्या मुलीविषयी आपण नपुंसकलिंगात बोलतो, त्यात लाड असतो. गुरुजींना वाटायचं, ही माणसं मुलींना माणसांत धरत नाहीत. वर्षभरानं तेच गुरुजी आमच्यासारखं बोलायला लागले. सहवासानं सगळं कळतं. भाषेचा गैरसमज फार दिवस टिकत नाही."

"सहवास असला तर," बहीण म्हणाली. "तुझे गुरुजी गावात राहिले, गावात जेवले, जत्रेला आले. माझ्याकडे येणाऱ्या म्हातारीला डॉक्टरच्या समोर पाच मिनिटं मिळतात. डॉक्टर बाहेरच्या राज्यातला, चांगला आहे, कळवळ्याचा आहे, हिंदीत बोलतो. म्हातारी सांगते, हर्द्यांत भरल्यासारखं होतं. त्याला 'हर्दें' माहीत नाही. बाजूला उभा असलेला कुणीतरी घाईनं सांगतो, पोटात गॅस झालाय. आता छातीत भरून येणं आणि पोटात गॅस होणं यांत केवढा फरक आहे, सांग. तो डॉक्टर छातीवर हात ठेवून पुन्हा विचारतो म्हणून निभावतं. प्रत्येक जण पुन्हा विचारतो असं नाही."

"आणि खिडकीवर?"

"खिडकीवर चिठ्ठीत एक-शून्य-एक लिहिलेलं असतं. सकाळी एक, दुपारी नको, रात्री एक. मी तोंडानं सांगते. पण घरी गेल्यावर तिच्या हातात कागदच राहतो. पाकिटावरची अक्षरं इंग्रजी. आणि मामा, सगळ्यात कठीण काय असतं ठाऊक आहे? मी सांगत असते, ती मान हलवत असते. 'हय बाय, हय.' मला सुरुवातीला वाटायचं, कळलं. मग एकीला म्हटलं, आता तू मला सांग बघू कशी घेणार. ती गप्प. 'माका कळूंक ना' म्हणायची लाज वाटते लोकांना. मागं रांग असते, आत शिकलेली माणसं बसलेली असतात. तू म्हणतोस तो गैरसमज भांडणातून बाहेर तरी पडतो. हा बाहेरच पडत नाही."

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मलाही इथं थांबावंसं वाटतं. भाषेच्या गैरसमजाच्या गोष्टी आपण हसण्यासाठी सांगतो, कारण त्या मिटलेल्या असतात. न मिटलेल्या गोष्टी सांगायला माणूस पुढं येत नाही. त्या मान हलवण्यातच राहतात.

मामांनी मग बाजू बदलली. "पण ह्यात आपला दोष कुठं? चिठ्ठी इंग्रजी, पाकीट इंग्रजी, डॉक्टर हिंदी. मराठी असती तर म्हातारीच्या नातवानं वाचून दाखवलं असतं. आम्ही तेच मागत होतो."

"तुम्ही मराठी मागत होता, आम्ही कोंकणी मागत होतो. दोघं एकमेकांकडे तोंड करून ओरडत होतो आणि इंग्रजी शांतपणे खुर्चीवर बसून राहिली."

ह्या 'तुम्ही-आम्ही'ला आमच्या दोन तालुक्यांत मोठा इतिहास आहे. आधुनिक कोंकणी साहित्याचे जनक मानले जाणारे शणै गोंयबाब, म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, 1877 साली डिचोलीत जन्मले. कोंकणी ही मराठीची बोली नसून स्वतंत्र भाषा आहे, हे मांडण्यात त्यांनी आयुष्य घातलं. आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे नेते दयानंद बांदोडकर 1911 साली पेडण्यात जन्मले. गावागावांत मराठी शाळा नेणारे ते. एक डिचोलीचा, एक पेडण्याचा. बहीण सासरच्या गावाचा अभिमान सांगते, मामा आपल्या गावाचा. दोघांनाही तो हक्क आहे.

16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पानं, अशी चिन्हं होती. पेडणे आणि डिचोली फुलाच्या बाजूनं उभी राहिली. साऱ्या गोव्यात मात्र दोन पानं 34,021 मतांनी पुढं गेली. मामा तेव्हा लहान होते, पण घराघरांत फूल कसं लावलं होतं ते अजून सांगतात. बहिणीनं त्यावर एक साधी गोष्ट विचारली. "भाषेवरून एवढा मोठा कौल घेतला, पण मत द्यायला चिन्हं लागली. का? कारण निम्म्याहून जास्त लोकांना कुठल्याच भाषेत वाचता येत नव्हतं. मराठीही नाही, कोंकणीही नाही. त्यांच्या नावानं आपण भांडत होतो."

"निम्म्याहून जास्त की कमी, ते मोजलेलं नाही मी," मामा म्हणाले, "पण मी ज्यांना शिकवलं ते वाचायला शिकले. मराठीत शिकले. मराठी आपल्याकडे काल आलेली नाही. पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं 1788 साली, डिचोली त्याच्या थोडी आधी. त्या आधी आपण सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखात होतो. कुळकर्ण्याचं दप्तर मोडीत, देवळाचा हिशेब मोडीत, भजन मराठीत. साष्टी-बार्देशात 1684 साली पोर्तुगीजांनी कोंकणी सोडा म्हणून फर्मान काढलं, ते आपल्यापर्यंत पोचलंच नाही, कारण आपण त्यांच्या ताब्यातच नव्हतो. मराठी आपल्यावर कुणी लादली नाही. आपल्या माणसानं पहिलं अक्षर काढलं ते मराठी."

"हे मी नाकारत नाही."

"मग भांडण कशाचं?"

"दहिकाल्याचं," ती म्हणाली.

हे ऐकून मला आश्चर्य वाटलं. दहिकाला, म्हणजे दशावतार, हा मामांचा हुकमी पुरावा असतो. पेडण्यातल्या कुठल्याही जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक चालतं. संहिता नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतात, आणि राजा, देव, ऋषी जी मराठी बोलतात ती संस्कृत शब्दांनी भरलेली असते. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायका ती मराठी पहाटेपर्यंत ऐकतात, कुठं टाळी द्यायची ते त्यांना कळतं. मामा म्हणतात, मराठी आमच्या माणसाला परकी असती तर हे झालं असतं का?

बहीण म्हणाली, "त्याच नाटकात संकासुर कुठल्या भाषेत बोलतो?"

"आपल्या."

"नोकर?"

"आपल्या."

"राजा मराठीत बोलतो आणि लोकांना हसवणारा आपल्या भाषेत बोलतो. मी लहानपणापासून ते बघत आले आणि मला ते आवडतं. पण त्यातून आमच्या मनात काय बसलं? गंभीर बोलायचं तर आपली बोली चालत नाही. तीच बाई डॉक्टरच्या समोर गेली की तोंड उघडत नाही, कारण तिला वाटतं, इथं राजाच्या भाषेत बोलायला हवं आणि ते आपल्याला येत नाही. तुझं मराठीवरचं प्रेम खरं आहे मामा. पण त्या प्रेमानं आमची जीभ थोडी आखूड केली."

मामांना हे लागलं. ते म्हणाले, "संकासुराला तू नोकर समजतेस. भल्याभल्यांना खरं सुनावणारा तोच असतो. त्याच्या तोंडी आपली भाषा आहे, ह्यात कमीपणा कसला?" हे उत्तर चांगलं आहे आणि मी ते पूर्ण मान्य करतो. पण बहिणीचा मुद्दा त्यानं खोडला जात नाही. खरं सुनावायची मुभा दशावतारात आहे. दवाखान्यात किंवा मामलेदाराच्या कचेरीत ती त्या बाईला कुणी दिलेली नाही.

कचेरीचा विषय निघाला तसे मामा मोकळे झाले, कारण त्यांचं निम्मं आयुष्य लोकांचे कागद वाचण्यात गेलं. गावात कागद आला की तो मास्तरांकडे यायचा. कुणाकडे आजोबाच्या वेळचं पोर्तुगीज एस्क्रितुर, म्हणजे जमिनीचं खरेदीखत. घरात पेटीत जपून ठेवलेलं, वाचता येणारा एकही नाही. कुणाकडे मोडीतली जुनी चिठ्ठी. मुक्तीनंतर जमिनीची मोजणी झाली आणि एक-चौदाचा उतारा आला, तो इंग्रजी. सीमेपलीकडे सातार्ड्याच्या पाहुण्याकडे सातबारा असतो, तो मराठी. तो त्याला वाचता येतो. तेरेखोल नदीच्या ह्या काठावरच्या त्याच्याच भावकीला स्वतःच्या जमिनीचा उतारा वाचायला माणूस लागतो.

नावांचा घोळ तर वेगळाच. पोर्तुगीज नोंदीत नाईक हे नाव शेवटी 'क्यू-यू-ई' लावून लिहिलेलं, शाळेच्या दाखल्यावर साध्या 'के'नं, तिसऱ्या कागदावर आणखी वेगळं. माणूस एकच, पण कागदावर तीन माणसं. वारसाहक्काच्या वेळी ती तिघं एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रं करा, फेऱ्या मारा. गावांच्या नावांचंही तसंच. हरमलचं इंग्रजीत आरंबोल झालं, डिचोलीचं बिचोलिम, पेडण्याचं पेर्नेम. शेवटचा 'म' पोर्तुगीजांनी अनुनासिकासाठी घातलेला. आता फोनमधला नकाशा तो खणखणीत उच्चारतो. नवखा ड्रायव्हर 'बिचोलिम कहाँ है' विचारतो आणि डिचोलीच्या वेशीवर उभा असलेला म्हातारा प्रामाणिकपणे सांगतो, असं गाव इथं नाही.

"मोपा विमानतळासाठी जमिनी गेल्या तेव्हा," मामा म्हणाले, "लोक कागद घेऊन रात्री माझ्याकडे यायचे. मी कंदील लावल्यासारखा बसायचो पडवीत. ओळ वाचायची, अर्थ सांगायचा, पुढची ओळ."

"अर्थ कुठल्या भाषेत सांगायचास?"

मामा थांबले. मग म्हणाले, "आपल्याच. दुसऱ्या कुठल्या सांगणार?"

"तेच म्हणते मी. तुझा पेशा मराठीचा, कागद इंग्रजीचा, आणि माणसाला कळलं ते तू पेडणेकरीत सांगितलंस तेव्हा. मग ती भाषा कागदावर का नको? 1987 च्या 4 फेब्रुवारीला राजभाषा कायदा झाला त्यात तेच तर आहे. देवनागरीतली कोंकणी राजभाषा."

"आणि मराठीही सगळ्या किंवा कुठल्याही सरकारी कामासाठी वापरता येईल, हेही त्यातच आहे. अर्धंच सांगू नकोस."

"बरं, तेही. पण दोन्ही भाषा कायद्यात आहेत आणि दोन्ही खिडकीवर नाहीत. नोकरीच्या जाहिरातीत लिहितात, कोंकणी आवश्यक, मराठी असल्यास उत्तम. नोकरी लागली की अर्ज इंग्रजी, टिपण इंग्रजी, उत्तर इंग्रजी."

मामा म्हणाले, "आता माझं ऐक. अर्थ मी आपल्या भाषेत सांगितला, खरं आहे. पण त्या कागदाला उत्तर द्यायचं होतं ना? हरकत नोंदवायची होती. ती मी मराठीत लिहिली. कोंकणीत का नाही लिहिली? कारण मला कोंकणी लिहायला कुणी शिकवलंच नाही. आजही ह्या वाड्यावर विचार, कोंकणीत सरळ चार ओळी कोण लिहील? वर्तमानपत्र घराघरात येतं ते मराठी. कोंकणीचं 'सुनापरान्त' निघालं, चांगलं होतं, आणि बंद पडलं. ऐकून कळणं ही अर्धीच गोष्ट झाली. ज्याला उत्तर लिहिता येतं त्याचंच ऐकलं जातं. आपल्या माणसाच्या हातात लिहिण्याची जी एक भाषा आहे ती काढून घेतलीस, तर बोली तोंडात राहील आणि हात रिकामा होईल."

इथं मला मामांचं म्हणणं वजनदार वाटतं. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांकडे उशिरा गेलेल्या आमच्यासारख्या तालुक्यांतल्या, माणसाची लेखणी पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे, ही वस्तुस्थिती आहे. तिला भूतकाळ म्हणून बाजूला सारलं तर पुढच्या पिढीच्या हाती कोंकणी लेखणी आपोआप येणार नाही, इंग्रजीच येईल. आली आहेच. 2011 च्या जनगणनेत गोव्यात सुमारे 66 टक्के लोकांनी मातृभाषा कोंकणी सांगितली आणि सुमारे 11 टक्क्यांनी मराठी. आमच्या घरात मामांनी मराठी सांगितली, बहिणीनं कोंकणी. दोघांची आई-आजी बोलली ते एकच. रकान्यांवरून कुणी आमच्याबद्दल काही ठरवायला बसला, तर एका घराची दोन घरं करील.

बहिणीनं मामांचं म्हणणं ऐकून घेतलं, पण सोडलं नाही. "तू शिकवलंस ती मुलं पाचवीत गेल्यावर काय झालं, तेही सांग."

ह्यावर मामांचा चेहरा उतरला. गोव्यात चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी, असं वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. चौथीत विज्ञान समजणारं मूल पाचवीत तेच विज्ञान पाठ करायला लागतं. मामांनी असे कितीतरी हुशार विद्यार्थी पाचवी-सहावीत गप्प होताना पाहिले. 2011 साली सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं, त्यावरून मोठं आंदोलन झालं. त्यात मराठीवाले आणि कोंकणीवाले एका व्यासपीठावर बसले, हे मामा आवर्जून सांगतात. पण आई-बापांनी पाय कुठं वळवले हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि मी त्यांना दोष देणार नाही. पाचवीत बसणारा धक्का टाळायचा म्हणून त्यांनी मुलाला पहिलीतच इंग्रजीत घातलं. धक्क्याचं कारण पाचवीत होतं. ते काढायला कुणी गेलं नाही.

"मग आता तुझ्या जुन्या शाळेत कोण आहे?" बहिणीनं विचारलं.

"बाहेरची पोरं," मामा म्हणाले. "कर्नाटकातली, उत्तर प्रदेशातली, झारखंडातली. आई-बाप बांधकामावर, कारखान्यात. मोपा झालं, तुयेंत कारखाने आले, डिचोलीला औद्योगिक वसाहत आहे. गावातली पोरं बसनं इंग्रजी शाळेत जातात आणि आमची मराठी शाळा त्यांच्या जिवावर उघडी आहे." त्यांच्या आवाजात आधी थोडी कडवट धार होती. मग ती गेली. "निवृत्तीच्या आधी एक मुलगा होता माझ्याकडे, घरात कन्नड. सहा महिन्यांत मराठी वाचायला लागला. पेडणेकरी तर वाड्यावरच्या पोरांत खेळून शिकला. बाजारात आईच्या पुढं तोच. भाव तो विचारायचा, पैसे तो मोजायचा."

"असाच एक माझ्याकडे येतो," बहीण म्हणाली. "आठ-नऊ वर्षांचा असेल. आईला घेऊन येतो. आईचं दुखणं बायकांचं आहे. तिनं ते कानडीत मुलाला सांगायचं, मुलानं डॉक्टरला. ती काय सांगणार? ती सांगते, पोटात दुखतं. बास. पुढचं ती मुलासमोर बोलत नाही आणि मुलाशिवाय तिला बोलताच येत नाही. पोटदुखीची गोळी घेऊन जाते. एकदा मी आमच्याकडच्या झाडलोट करणाऱ्या बाईला, ती बेळगावकडची, तिच्याजवळ नेऊन बसवलं आणि मुलाला बाहेर धाडलं. तेव्हा कुठं ती बोलली. अर्धा तास बोलली."

मामा लगेच काही म्हणाले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "त्या झाडणाऱ्या बाईला ह्या कामाचे काही देतात का?"

"काही नाही. ते तिचं काम नाहीच."

माझ्या मते त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यात महत्त्वाचं काय असेल तर हे. राजभाषा कोणती, ह्यावर आपल्याकडे कायदे झाले, मोर्चे निघाले, 1986 च्या आंदोलनात जीव गेले. दवाखान्यात दुभाषा कोण, ह्यावर मात्र एक ओळ लिहिली जात नाही. ते काम लहान मूल करतं, झाडणारी बाई करते, रांगेतला तिऱ्हाईत करतो. आणि ही सोय करता येत नाही असंही नाही. मोरजी-हरमलला रशियन पर्यटक येऊ लागले, तर काही हंगामांत हॉटेलांवर, दुकानांवर रशियन अक्षरांतल्या पाट्या लागल्या. त्यावर टीकाही झाली. पण पाट्या लागल्या, पोरं रशियन बोलायला शिकली, भाव सांगायला लागली. गिऱ्हाइकाची भाषा शिकायला पेडणेकराला कायदा लागला नाही. रुग्णाची भाषा शिकायला, लिहायला, नोंदवायलाही त्याहून जास्त काही लागत नाही. खिडकीच्या आतल्या माणसाला ते आपलं काम वाटायला हवं, इतकंच.

शेवटी गोष्ट ग्रामसभेवर आली. मामा रविवारची ग्रामसभा चुकवत नाहीत. बहीण म्हणाली, "तुमच्या सभेत बोलणं कुठल्या भाषेत होतं?"

"आपल्या. जोरात."

"आणि इतिवृत्त?"

"इंग्रजीत."

"म्हणजे तुम्ही सगळे बोलता एक, आणि काय बोललात ते तुम्हालाच वाचता येत नाही. सेक्रेटरीनं चुकीचं लिहिलं तर?"

"लिहितो कधी कधी," मामा म्हणाले. "मुद्दाम नसेल. मागं एकदा रस्त्याला लोकांनी अट घालून मान्यता दिली होती. कागदावर नुसती मान्यता आली, अट राहून गेली. पुढं सहा महिने भांडण. दोन वाड्यांत बोलणं बंद झालं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं शब्द फिरवला."

"मग तू अर्ज कर. पुढच्या सभेच्या सुरुवातीला मागचं इतिवृत्त मोठ्यानं, आपल्या बोलीत वाचून दाखवायचं, आणि लोकांनी हो म्हटल्याशिवाय ते पक्कं धरायचं नाही."

मामांना ते पटलं. अगदी आतून पटलं, कारण ते तेच काम पडवीत बसून आयुष्यभर करत आले होते. पण लगेच म्हणाले, "अर्ज मी मराठीत लिहीन. आणि इतिवृत्तही मराठीतच लिहावं अशी मागणी घालीन."

"कोंकणीत."

"कोण लिहील ते?"

"मी लिहिते. शिकले आहे मी. तुझ्या अर्जाखाली त्याच कागदावर मी कोंकणीत लिहीन. कायद्यात दोन्ही बसतात."

"इतिवृत्त कुठल्या भाषेत, ते मग ठरलंच नाही की."

"ते सभेत ठरू दे. तिथं भांडू आपण."

मामा हसले. कागद आणायला मला पिटाळलं, चष्मा शोधला, वर तारीख घातली. मग लेखणी उचलून धरून म्हणाले, "सेक्रेटरी इंग्रजी प्रत मागणार हो."

"मागू दे," बहीण म्हणाली. "ती त्यानं करून घ्यावी."